पिलाच्या आईचे काय?

माणसाने वाढविलेल्या वन्य पशूंचे चित्रपट आम्हांस मनापासून आवडतात, हे आधीच कबूल करतो. बार्शीतील धर्मशिक्षण वर्गाच्या मुलांना आम्ही 'बॉर्न फ्री' (१९६६) दाखविला, तेव्हा एल्सा या सिंहिणीच्या लाडांत सारी मुले रंगून गेली. एका मुलीने मात्र विचारले, "फादर, तिची आई कुणी मारली?" मुलीचे आईवडील तेव्हा ऊसतोडीस गेलेले होते.

उत्तर चित्रपटाच्या आरंभीच आहे. केनियातील वन्यजीव अधिकारी जॉर्ज अ‍ॅडमसन यांच्याच गोळीने १९५६ साली ती सिंहीण पडली व तिची तीन पिले त्यांच्या घरी आली. चित्रपट हे लपवीत नाही. पण तेथे थांबतही नाही. दुधाची बाटली येते आणि प्रेक्षक आईला विसरतो. पुढे एल्साला शिकार शिकवून रानात सोडण्याचा भाग मात्र खरोखर थोर आहे. ('हाथी मेरे साथी'तील हत्ती धन्यासाठी प्राण देतो, पशूने असे मरावे ही अपेक्षा आम्हांस नेहमीच खटकली.) 'द एलिफंट व्हिस्परर्स' (२०२२) या ऑस्करविजेत्या माहितीपटातील रघूची आई विजेच्या धक्क्याने गेली. बोम्मन व बेल्ली यांची माया डोळे ओलावते. वीज मात्र एका वाक्यात संपते.

समृद्धी पोरे यांचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो' (२०१४) आम्हांस या सर्वांहून मोलाचा वाटतो, तो त्यात पशू हा कथेचा केवळ एक भाग आहे म्हणून. १९७३ साली हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. मारलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिलू डॉ. आमटे यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ते पिलूही खाण्यासाठीच चालले होते. डॉक्टरांनी शिकाऱ्यास दुष्ट ठरविले नाही, त्याची भूक ओळखली. पिंजऱ्यांबरोबरच तेथे दवाखाना, शाळा आणि शेतीही उभी राहिली. पिलाचा कळवळा आणि शिकाऱ्याचा कळवळा तेथे वेगळा काढता येत नाही.

गुब्बिओच्या लांडग्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो, तीही अर्धीच. असिसीकर संत फ्रान्सिसपुढे लांडगा नमला, एवढे सांगतो. गावाने त्याला रोज अन्न देण्याचे कबूल केले होते, हे राहून जाते.

त्या मुलीला आम्ही अखेर जुन्नरकडची हकीकत सांगितली. ऊसतोडीत फडात बिबट्याची पिले सापडतात. वनखात्याची माणसे ती खोक्यात घालून पुन्हा त्याच जागी ठेवतात व दूर जाऊन वाट पाहतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. अशा रात्रीवर काढलेला कौटुंबिक चित्रपट आमच्या पाहण्यात नाही. त्यात माणसाला करण्याजोगे फारसे काही नसते, हेच कारण असावे.