‘रती’चे मान आणि ताव्हेर्नियेची साक्ष

झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये (१६०५–१६८९) आणि झां शार्दँ (१६४३–१७१३) हे सतराव्या शतकातील दोन प्रतिस्पर्धी फ्रेंच जवाहिरे. इराणचा शाह अब्बास दुसरा हा दोघांचाही ग्राहक होता. शार्दँला त्याने १६६६ मध्ये आपला व्यापारी नेमले. ताव्हेर्निये १६४८ मध्ये वेंगुर्ले व गोवा येथे आला होता. १६६५ मध्ये औरंगजेबाची रत्ने त्याला हाताळावयास मिळाली. दोघांचे प्रवासग्रंथ अनुक्रमे १६७६ व १६८६ मध्ये प्रसिद्ध झाले.

अभ्यासकांचा कौल बहुधा शार्दँकडे झुकतो. तो फारसी जाणणारा. ताव्हेर्निये दुभाष्यांवर विसंबणारा, आणि त्याच्या टिपणांना ग्रंथरूपही शाप्युझोने दिलेले. धर्मकल्पना व राजनीती यांपुरता हा कौल मान्य व्हावा. परंतु व्यापारी परिभाषेलाही तो लावणे सयुक्तिक नाही.

ताव्हेर्नियेने दिलेली वजने याची साक्ष देतात. मोगल राज्यात ‘रती’ चालते, ती ७/८ कॅरट. गोवळकोंडा व विजापूर येथे ‘मांजेलिन’, ते १ ३/८ कॅरट. गोव्यातील पोर्तुगीज हेच नाव वापरतात, पण त्यांचे मान केवळ ५ ग्रेन, म्हणजे सव्वा कॅरट. नाव एक असूनही मान भिन्न, हा विवेक त्याने काटेकोरपणे राखला आहे. तो चुकता तर नुकसान त्याचेच होते.

मराठी अभ्यासकाची गल्लत नेमकी येथे होते. ‘रती म्हणजे गुंज’ हे समीकरण सोनाराच्या काट्यापुरते खरे आहे. ९६ गुंजांचा तोळा धरल्यास गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम भरते. ताव्हेर्नियेची रती मात्र सुमारे १८० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ दीडपट. ही त्याची चूक नव्हे. रत्नबाजारात आजही रती सुमारे १८२ मिलिग्रॅमचीच धरतात. औरंगजेबाच्या संग्रहातील थोरला हिरा त्याने ३१९॥ रती, म्हणजे सुमारे २८० कॅरट नोंदविला. गुंजेच्या मानाने तोच हिरा १९० कॅरटांच्या आत येतो. एका पर्यायशब्दापायी नव्वद कॅरटांची तूट पडते!

सारांश, भाषा जाणणारा साक्षीदार सर्वत्र श्रेष्ठ, हा निकष अपुरा आहे. ज्या शब्दावर वक्त्याचा नफातोटा अवलंबून असतो, त्या शब्दापुरती त्याची साक्ष स्वतंत्रपणे तोलली पाहिजे. आणि अनुवादकाने ‘रती’ ही ‘रती’च ठेवावी.