श्रवण, श्रद्धा आणि श्रोता

श्रद्धेचा उगम श्रवणात आहे, असे संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात सांगतो. यावरून वेदीवरील उपदेश कानी पडल्याखेरीज ख्रिस्ती श्रद्धा संभवतच नाही, असा निष्कर्ष कुणी काढील, तर मराठी ख्रिस्ती साहित्यातील दोन ग्रंथ त्याला क्षणभर थांबवतील, असे आम्हांस वाटते.

पहिला ग्रंथ फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली राशोल येथे छापलेली ही सुमारे ११,००० ओव्यांची रचना मुळात कानांसाठीच केलेली आहे. परंतु तिचे मर्म आम्हांस आरंभीच्या प्रसंगात दिसते. सासष्टीत धर्मशिक्षण चालले असता एक श्रोताच पाद्रीगुरूंकडे मराठी पुराणाची मागणी करतो. उपदेशाच्या आधी येथे श्रोत्याची भूक बोलते. पुढेही श्रोते शंका विचारतात आणि निरूपणाला गती येते. या रचनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. या शंका कवीने स्वतःच्या उत्तरांच्या मापाने बेतल्या आहेत. समाधान न झालेला श्रोता तेथे सहसा भेटत नाही.

तो श्रोता भेटतो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मकथनात श्रवणाची दोन उलटी उदाहरणे एकाच घरात नांदतात. नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. गिरिप्रवचनाने ते भारावले आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनच ते, पण डोळ्यांनी ऐकलेले! उलट, लक्ष्मीबाईंचा पतीच उपदेशक झाला, तरी त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधल्या काळातील विरह, सोवळेओवळे, राग आणि विचार त्यांनी इतक्या निर्मळ विनोदाने सांगितले आहेत की, श्रद्धा म्हणजे वादात पत्करलेली हार नव्हे, हे वाचकाला आपोआप उमगते. त्यांची गाठ कुणी युक्तिवादाने सोडवली नाही. ती त्यांनी स्वतः, आपल्या वेळी सोडवली.

मग उपदेश अनावश्यक ठरतो काय? मुळीच नाही. टिळकांच्या हातीही ग्रंथ ठेवणारा कुणीतरी लागलाच. शब्द दुसऱ्याकडूनच येतो. त्याच्या वाटा मात्र अनेक असतात. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली प्रवचनाला उपासनेचाच भाग मानले आणि रविवारी ते गंभीर कारणावाचून टाळू नये, असे सांगितले. हा आग्रह आम्हांस सर्वथा मान्य आहे. पण आमच्या अनेक चर्चमधून प्रवचन नियमाने होते आणि प्रश्न मात्र दाराबाहेर थांबतो. तरुण मंडळी तो मनात घेऊन घरी जातात. काही पुन्हा येत नाहीत. स्टीफन्सनी चार शतकांपूर्वी श्रोत्याला ग्रंथात आसन दिले. ते आसन आज चर्चमध्ये रिकामे आहे. उपदेश ऐकणे श्रद्धेला आवश्यक आहेच. पण उपदेशकाने आधी श्रोत्याचे ऐकणे, हेही तितकेच आवश्यक आहे.