शेडकार्ड : एक परीक्षण

कवितासंग्रहांची परीक्षणं पुष्कळ येतात. शेडकार्डाकडे मात्र आमच्या समीक्षकांनी कधी ढुंकून पाहिलेलं नाही. भिंतींना फिकट करडा रंग द्यायचं ठरलं आणि हे वाङ्मय माझ्या हाती पडलं. एका करड्याचं नाव धुक्यावरून, दुसऱ्याचं कबुतरावरून. प्रतिभा सगळी नावात, रंग तोच! मी पडलो बी.कॉम. माणूस. ताळेबंदात रुपयाचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत शोधीन. इथं हात टेकले. त्यात आमची भिवंडी! इथं यंत्रमागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला ‘ग्रे’ म्हणतात, आणि ते असतं पिवळट पांढरं.

सौ.नं कार्ड आधी खिडकीशी नेलं, मग ट्यूबलाइटखाली. उन्हात जुळे वाटणारे दोघे दिव्याखाली परके झाले. धुकं निळसर पडलं, कबुतर उबदार राहिलं.

“तुला कसं सुचलं?”

“दोन्ही वेळा भिंत मीच बघते. तुम्ही दिवसा बँकेत, रात्री पेपरामागे.”

अठरा वर्षांत घराला दोनदा रंग लागला. दोन्ही वेळा तिला विचारल्याचं मला आठवत नाही. तेव्हा परीक्षणाचा निष्कर्ष : कार्ड उत्तम आहे, वाचक चुकीचा होता. कबुतर लागलं.