ठरवलेला कोन, मोजलेला कोन

अतिदक्षता विभागात श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास दिला जातो, तेव्हा रुग्णाला खोकून घसा साफ करता येत नाही. जठरातले जंतू वर घशात येतात, नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. खाटेची डोक्याकडची बाजू उचलली तर हे टळेल का?

बार्सिलोना येथील द्राकुलोविच व सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये याचे उत्तर ‘होय’ असे दिले. ४५ अंशांत ठेवलेल्या ३९ रुग्णांपैकी ३ जणांत न्यूमोनियाची शंका आली. सपाट झोपवलेल्या ४७ पैकी १६ जणांत. जंतुतपासणीने खात्री झालेले रुग्ण अनुक्रमे २ व ११. फरक मोठा दिसल्याने प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला.

आमचे आक्षेप दोन. रुग्ण थोडे असताना प्रयोग लवकर थांबवला, की फायदा फुगून दिसण्याचा धोका असतो. शिवाय कोन सतत मोजल्याची नोंद त्यात नाही.

हे मोजमाप २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधील २२१ रुग्णांच्या अभ्यासात झाले. उद्दिष्ट ४५ अंशांचे. पहिल्या दिवशीची सरासरी मात्र सुमारे २८! ८५ टक्के वेळ उद्दिष्ट गाठलेच गेले नाही. न्यूमोनियाच्या प्रमाणातही लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून खाट उचलणे व्यर्थ ठरत नाही. ४५ अंशांची खरी परीक्षाच तेथे झाली नाही. प्रयोगवहीत कोन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण विचारतो, “ठरवलेला की मोजलेला?” नामांकित नियतकालिकातील निबंधालाही हाच प्रश्न विचारायला हवा.