हैदराबादचे प्रेक्षणीय : वास्तू आणि वाट

प्रेक्षणीय स्थळांची यादी हाती घेऊन शहर पाहण्याची जी रीत आज रूढ झाली आहे, तिच्यात पुष्कळदा शहराखेरीज सर्व काही दिसते. हैदराबादच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. सकाळी गोवळकोंडा, दुपारी सालारजंग संग्रहालय आणि सायंकाळी चारमिनार, असा क्रम लावून प्रवाशास एका दिवसात मोकळे करण्यात येते. किल्ल्याच्या दारात वाटाड्या टाळी वाजवतो, ती वर बालाहिसारावर ऐकू येते. चारमिनारापाशी भागमतीची प्रेमकथा सांगितली जाते, जिच्या सत्यतेविषयी इतिहासकारांत एकमत नाही. दोन्ही गोष्टी मनोरंजक खऱ्या. परंतु गोवळकोंड्यासारखी बळकट राजधानी असता कुतुबशाहीने मुसीपलीकडे नवे शहर का वसवावे, हा मूळ प्रश्न विचारावयाचा राहूनच जातो.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका वास्तूत सापडणार नाही. ते वाटेवर आहे. इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत १५७८ मध्ये मुसीवर पूल झाला, तेव्हा चारमिनार नव्हता. पूल आधी आणि शहर मागाहून, हा क्रमच पुरेसा बोलका आहे. तटाच्या आत न मावणारी वस्ती आणि व्यापार यांनी नदीपार जाण्याची वाट धरली होती. १५९१ मध्ये मुहम्मद कुलीने चारमिनार उभारला तो चव्हाट्यावर. तो थडगे नव्हे की महाल नव्हे. वर मशीद आणि खालून चहूंकडे जाणारे रस्ते, अशी ती रचना आहे. उत्तरेस चार कमानी व त्यांच्या मध्यभागी गुलजार हौज पाहिला, म्हणजे येथे आधी नगराचा आराखडा आखला गेला, हे ध्यानी येते. गोवळकोंडा आणि पूल यांच्या दरम्यान कारवान आहे. तांड्यांची स्मृती त्या नावातच आहे, आणि १६७१ ची देखणी तोली मशीदही तेथेच आहे. प्रवाशांच्या मोटारी तेथे थांबत नाहीत. पुराण्या पुलावर भाजीबाजार भरतो, तोही कोणी दाखवीत नाही.

जतनाचे काम होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. कुतुबशाही मकबऱ्यांचा २०१३ पासून दशकभर चाललेला जीर्णोद्धार ही मोठी कामगिरी होय. तथापि जतन करणाऱ्यांची दृष्टीही प्रवाशाच्या यादीहून फारशी निराळी नाही. जागतिक वारशासाठी २०१० मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत जे नाव घातले गेले, त्यात गोवळकोंडा, मकबरे आणि चारमिनार ही तीनच स्थळे आहेत. त्यांना जोडणारी वाट नाही.

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. १९९५ मध्ये त्यास जागतिक वारशाचा मान मिळाला, तो जुने व नवे नगर मिळून. किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता आणि त्यास फुटणाऱ्या अरुंद गल्ल्या हाही तेथे वारसाच. उलट जुन्या गोव्याकडे पाहावे. १९८६ मध्ये तेथील चर्चे आणि मठ यांस हा मान लाभला, परंतु ज्या नगरासाठी ती उभी राहिली ते नगर केव्हाच नाहीसे झाले होते. आज तेथे भव्य वास्तू आहेत, आणि त्यांच्यामध्ये माडांची शांतता आहे. गोव्यात नगर ओसाड पडले. हैदराबादेत ते गजबजलेले असूनही नजरेआड होत आहे, एवढाच काय तो भेद.

मराठी वाचकास हा प्रश्न परका वाटू नये. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, कोर्टकचेरीसाठी आमची माणसे याच शहरात येत असत. त्यांची नातवंडे आता येथे पर्यटक म्हणून येतात. त्यांनी एकच करावे : एखादे स्थळ यादीतून गाळावे आणि तेवढ्या वेळात कारवानापासून पुलावरून चार कमानींपर्यंत पायी जावे. वाट पाहणारे कोणी उरले, तर ती राखण्याची मागणीही कोणी करील.