प्रायोजित 'मी' : आश्रय, जाहिरात आणि समाजमाध्यमांवरील मराठी निवेदन

१

वाङ्मय आणि अर्थव्यवहार यांचा संबंध मराठी समीक्षेने बहुतांशी साहित्यबाह्य मानला. समाजमाध्यमांवरील आशयनिर्मात्याला, म्हणजे रूढ भाषेत कंटेंट क्रिएटरला, ब्रँडकडून मिळणारी स्पॉन्सरशिप हा विषय तर वाणिज्यशाखेचाच समजला जातो. परंतु पैसा जेव्हा निवेदकाच्या 'मी'मध्ये प्रवेश करतो, तेव्हा तो समीक्षेचाही विषय होतो. प्रस्तुत निबंधात एवढ्या एका मुद्द्यापुरतेच विवेचन अभिप्रेत आहे.

कलावंताला आश्रयदाता असणे ही गोष्ट नवी नव्हे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली आश्रयदाता निवर्तल्यावर भाव्यांना तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकावर विसंबावे लागले. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ साली दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. आश्रयाचे खरे स्वरूप त्याने पुरस्कारलेल्या कृतींपेक्षा नाकारलेल्या कृतींवरूनच अधिक स्पष्ट होते.

यानंतरचा टप्पा नियतकालिकांतील जाहिरातीचा. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे दिवाळी अंकांचा आर्थिक डोलारा मुख्यतः जाहिरातींवर उभा राहिला. मात्र तेथे कथेचे पान वेगळे व जाहिरातीचे पान वेगळे, हा संकेत सामान्यतः पाळला गेला. अंकाच्या मलपृष्ठावर केशतेल असले, तरी कथेतील नायिकेला त्याची स्तुती करावी लागत नव्हती.

२

समाजमाध्यमावर ही सीमारेषाच पुसली जाते. ब्रँड क्रिएटरची निवड करतो ती केवळ अनुयायांच्या संख्येवरून नव्हे. प्रेक्षक किती प्रमाणात प्रतिसाद देतात, ते कोणत्या वयाचे व कोणत्या शहरांतले आहेत, क्रिएटरचा विषय एकच व निश्चित आहे काय, हेही पाहिले जाते. ही माहिती क्रिएटर आपल्या मीडिया किटमध्ये मांडतो. व्यवहार ठरला की ब्रीफ येतो : कोणते मुद्दे बोलावयाचे, कोणते टाळावयाचे, वस्तू कितव्या सेकंदाला दाखवावयाची. संहितेला मंजुरी घ्यावी लागते. ठरावीक काळ प्रतिस्पर्धी ब्रँडचे काम न करण्याची अट असते, तसेच ती चित्रफीत ब्रँडने स्वतःच्या जाहिरातीत वापरण्याचा हक्कही असतो. नवख्याला पुष्कळदा पैशाऐवजी वस्तूच मिळते. त्यास बार्टर म्हणतात.

या अटी वरवर व्यापारी दिसल्या तरी परिणामाने त्या संपादकीय आहेत. येथे विकली जाते ती जागा नव्हे, तर निवेदकाची विश्वासार्हता. पाककृतीच्या एखाद्या प्रायोजित चित्रफितीची रचना पाहावी. आरंभी घरगुती आत्मनिवेदन, मध्ये कृती, आणि कृतीच्या ओघात 'मी स्वतः हेच वापरते' अशा वळणाचे वाक्य. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य शिफारशीचे नसून अनुभवाचे आहे. त्याचे रूप साक्षीचे आहे. मराठीत या साक्षीरूप 'मी'ला जे वजन प्राप्त झाले आहे, त्यामागे दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) सारख्या आत्मकथनांची परंपरा आहे. तेथे 'मी' म्हणण्याची किंमत लेखकाने स्वतः मोजलेली असते. प्रायोजित निवेदनात 'मी' म्हणण्याचे मोल दुसरा कोणी देतो. दोन्ही वाक्यांचे रूप सारखे असल्यामुळेच हा भेद श्रोत्याच्या सहजी ध्यानात येत नाही.

३

हा भेद उघड व्हावा, असा प्रयत्न नियमनाने केला आहे. जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू झाली. त्यांनुसार पैसाच नव्हे, तर फुकट वस्तू, प्रवास किंवा सवलत मिळाली असली तरी तसे जाहीर करणे आवश्यक ठरले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या करकपातीच्या तरतुदीचे स्पष्टीकरण तर समीक्षकालाही उद्बोधक आहे : प्रसिद्धीसाठी मिळालेला मोबाइल क्रिएटरने परत केला तर तो लाभ नव्हे, ठेवून घेतला तर लाभ. 'भेट' या शब्दाची अर्थनिश्चिती करविभागाने भाषाभ्यासकांपेक्षा नेमकेपणाने केली, असे म्हणावे लागते.

तथापि एक त्रुटी उरते. परिषदेच्या तत्त्वांनुसार हे लेबल इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत चालते. परिणामी चित्रफीतभर आपुलकी मराठीत आणि कबुली मात्र कोपऱ्यातल्या इंग्रजी शब्दात, अशी विभागणी संभवते. ज्या आजीबाईंना 'ताई' सांगते म्हणून वस्तू घ्यावीशी वाटते, त्यांच्यापर्यंत 'पेड पार्टनरशिप' हे शब्द पोहोचत नाहीत.

मानधन घेणे हा दोष नव्हे. स्पॉन्सरशिपमुळे अनेक मराठी निवेदकांना आपल्या भाषेत काम करणे परवडते, ही तिची जमेची बाजू मान्य केलीच पाहिजे. पण दोन कसोट्या समीक्षेने लावावयास हव्यात. पहिली, निवेदनाच्याच भाषेत, निवेदकाच्याच तोंडून 'ही जाहिरात आहे' असे वाक्य येते काय? दुसरी, ब्रँडला अडचणीचे वाटणारे विषय, उदाहरणार्थ जात, शेतमालाचे भाव, पाणीटंचाई, त्या निवेदकाच्या मांडणीतून हळूहळू गळतात काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायदा मिळवू शकेल. दुसऱ्याचे उत्तर मात्र, १८५५ च्या कमिटीप्रमाणेच, जे सादर झाले नाही त्याची नोंद ठेवणाऱ्या समीक्षेलाच शोधावे लागेल.