उसातली भीती, पत्र्यावरचे दगड

२०२४च्या जूनमध्ये ‘मुंज्या’ तुफान चालला. सप्टेंबरमध्ये ‘तुंबाड’ पुन्हा लागला आणि २०१८च्या पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. दोन्ही चित्रपट हिंदी, पण दोन्हींची मुळं मराठी मातीत. याचा आनंदच व्हायला हवा; पण त्या यशातून जो धडा घेतला जातोय, त्यानं संताप येतो. कोकण, जुना वाडा, पिंपळ आणि धो धो पाऊस एवढं जमलं की भयपट तयार, असं मानलं जातंय.

‘तुंबाड’ पावसानं भयाण झालेला नाही. बाप लेकाला हाव शिकवतो, पिठाची बाहुली घेऊन देवीच्या गर्भात उतरायची तालीम देतो, आणि पोरगं बापाच्याही पुढं जातं. भीती त्या शिकवणीत आहे. ‘मुंज्या’त ती सुरुवातीच्या झाडाखालच्या प्रसंगात होती. पुढं संगणकावर घडवलेलं ते प्राणीवजा पोर बडबडायला लागलं आणि भीती विरून गेली. ‘झपाटलेला’ (१९९३) हा तात्या विंचूचा विनोदी चित्रपट, तो भयपटाच्या हिशेबात धरूच नये. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतलं भूत दुसऱ्या पर्वात अण्णा-शेवंताच्या भानगडीखाली गाडलं गेलं. ‘बळी’ (२०२१) दवाखान्याच्या बोळांतून आवाजाचे दणके देत फिरतो.

राहिला ‘लपाछपी’. विशाल फुरियांचा हा चित्रपट २०१७ साली लागला, आणि मराठी भयपटाविषयी बोलायचं तर मला त्याच्यापाशीच थांबावंसं वाटतं. कर्जामुळं शहर सोडून एक जोडपं उसाच्या रानातल्या घरात येतं. बायको, नेहा, गरोदर. घर सांभाळणारी तुळसाबाई तिला मायेनं वागवते. यात अमावस्या लागत नाही, विजा लागत नाहीत. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात ऊस सळसळतो आणि आतून लेकरांचा आवाज येतो. मराठवाड्यात अंबड-घनसावंगीकडं जायकवाडीच्या कालव्यावर ज्यांचं रान आहे, त्यांना उसाची ही दहशत समजावून सांगावी लागत नाही. डोक्यापेक्षा उंच पीक, दोन हातांपलीकडं काही दिसत नाही, पात्यांनी अंग कापतं, आणि ओरडलं तरी बांधापर्यंत आवाज जात नाही.

उषा नाईकांची तुळसाबाई हा या चित्रपटाचा कणा. बाळंतिणीची काळजी घ्यावी त्याच हातांनी ती नेहाला कोंडते, आणि दोन्ही वेळा तिचा चेहरा तोच असतो. ती दुष्ट वाटत नाही, खात्रीची वाटते. अशी बाई प्रत्येक भावकीत असते. आणि उसातली लेकरं कोण, हे कळतं तेव्हा प्रेक्षकाला सुटका मिळत नाही; गोष्टीच्या मुळाशी मुलगी नको असणं आहे. २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. ऊस आणि गर्भ यांचं नातं फुरियांनी ओढूनताणून जोडलेलं नाही. ‘छोरी’त (२०२१) त्यांनीच ही गोष्ट हिंदीत नेली, ‘छोरी २’ भुयारात शिरला आणि उघड्या रानातली भीती हरवली.

भूत खरं वाटतं ते गावाच्या गुन्ह्यामुळं. बाईच्या भुताचंच बघा: सिंगापुरात १९५७ साली बी. एन. राव या भारतीय दिग्दर्शकानं ‘पोन्तियानाक’ काढला आणि मलय भुताच्या चित्रपटांची लाट आली. पोन्तियानाक म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई, आपली अलवंतीण. मलय पडद्यानं तिला पुन्हा पुन्हा उभं केलं. आपल्याकडं अलवंतीण, जखीण, हडळ सगळ्या असूनही पडद्यावर बाई येते ती केस मोकळे सोडून किंचाळायलाच. ती कशानं मेली, कुणी मारली, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

आणि मराठवाड्याची भानामती? तिच्यावर एकही लक्षात राहावा असा चित्रपट नाही, हे मला सहन होत नाही. यात भूत दिसतच नाही. रात्री पत्र्यावर दगड पडतात. घडी घालून पेटीत ठेवलेल्या लुगड्यावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. दोरीवरचे कपडे पेट घेतात, भाकरीच्या टोपल्यात घाण सापडते. मग घरातले शेजारणीकडं बोट दाखवतात, बहुधा एकट्या, विधवा बाईकडं, आणि गाव तिच्या दारात जमतं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी कितीतरी प्रकरणं उकलली, आणि करणारं माणूस बहुतेकदा घरातलंच निघालं. सासुरवाशीण, नाहीतर शिक्षण तोडून घरी बसवलेली पोरगी. तिला बोलायला दुसरी भाषाच ठेवलेली नव्हती. कोणता पटकथाकार याहून भयानक गोष्ट रचणार आहे?

यावर सांगितलं जातं की असा चित्रपट काढला तर अंधश्रद्धा वाढेल, कायदा आड येईल. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली झालेला कायदा अमानुष प्रथांविरुद्ध आहे. बाईला चेटकीण ठरवून छळणाऱ्याला त्यानं आरोपी केलंय, त्या बाईची गोष्ट सांगणाऱ्याला नाही. अंधश्रद्धा वाढवतो तो शेवटच्या दहा मिनिटांत मांत्रिकाला जिंकवणारा चित्रपट, आणि त्याला आजवर कुणी अडवलेलं नाही. कॅमेरा बोट दाखवणाऱ्या गावाबरोबर उभा राहतो की दाराला आतून कडी लावलेल्या बाईबरोबर, एवढाच प्रश्न आहे. तो बाईबरोबर राहिला, तर पत्र्यावर पडणाऱ्या पहिल्या दगडापासून थिएटर गप्प होईल. त्याला वाडा लागत नाही, पाऊस लागत नाही, संगणकावरचा राक्षसही लागत नाही. भोकरदन-जाफराबादकडचं एखादं पत्र्याचं घर, मे महिना आणि उषा नाईकांच्या ताकदीची दोन माणसं एवढ्यावर तो उभा राहतो. तेव्हा पैसा नाही, ही सबब निर्मात्यांनी आता सांगू नये.